पोटखराब्यातील रहिवासी

कांद्याचे बी धरणाऱ्या एका वाचकाने पत्रातून विचारले आहे की, त्यांच्या लहानपणी डेंगळे फुलले म्हणजे शेतावर दिवसभर जो गुंजारव चाले तो आता ऐकू येत नाही, गोंडे फुलून वाळून जातात पण उळे पुरेसे भरत नाही, तेव्हा मधमाश्यांच्या पेट्या भाड्याने आणून ठेवाव्यात काय? प्रश्न अगत्याचा आहे. कारण कांद्याच्या फुलातील पराग झडून जातो तेव्हा त्याच फुलातील स्त्रीकेसर परिपक्व झालेला नसतो, आणि म्हणून एका फुलाचा पराग दुसऱ्या फुलावर नेणारे कोणीतरी तेथे यावेच लागते. हे काम पेटीतील माश्या पुष्कळ अंशी करतील. परंतु पत्रलेखकांना आठवणारा तो गुंजारव अनेक जातींच्या कंठांचा होता, आणि त्यांतील बहुतेक जाती पेटीत राहणाऱ्या नव्हत्या. त्या कोठे राहत होत्या हे पाहावयाचे तर सातबाऱ्याचा उतारा उघडावा लागेल.

त्या उताऱ्यावर पोटखराबा म्हणून एक सदर असते. खडक, ओघळी, नांगर न चालणारे कोपरे, अशी जमीन मोजणीच्या अंमलदारांनी त्यात घातली आणि तिच्यावर आकारणी बसविली नाही. महसुलाच्या दप्तरी ती निरुपयोगी ठरली. मात्र जगातील मधमाश्यांच्या सुमारे २०,००० जातींपैकी बहुसंख्य जाती ज्या जमिनीत घर करतात ती हीच. आग्या, सातेरी आणि फुलोरी ही पोळे बांधणारी मंडळी आपल्या परिचयाची आहेत. पण बहुतेक माश्यांना ना राणी, ना फौज. एकटी मादी उघड्या, न हललेल्या मातीत बीळ कोरते, त्यात परागाचा गोळा ठेवून त्यावर अंडे घालते, दार लिंपते, आणि आपल्या संततीचे मुख न पाहताच बहुधा मरून जाते. ती संतती पुढील हंगामापर्यंत जमिनीतच निजलेली असते, आणि तेवढ्या अवधीत तेथून खोल नांगर फिरला तर सारा वंश संपतो. काही जाती पानांचे गोल तुकडे कातरून घरास अस्तर लावतात. काळा भुंगा वाळलेले लाकूड पोखरून राहतो. काष्ठ भेदणारा भ्रमर कमळाच्या पाकळ्यांत मात्र बंदिवान होतो या संस्कृत कवींच्या आवडत्या कल्पनेतील पूर्वार्ध हे निखळ प्राणिशास्त्र आहे, एवढेच की पोखरण्याचे काम मादी करते.

या भुंग्याचे एक कसब असे आहे की जे पेटीतील माशीला मुळीच साधत नाही. वांग्याच्या आणि टोमॅटोच्या फुलातील पराग उघडा नसतो; वांग्याच्या परागकोशाच्या टोकाला केवळ बारीक छिद्र असते. भुंगा त्या कोशांना मिठी मारतो, पंख स्थिर ठेवून छातीचे स्नायू थरथरवितो, आणि मिठाची कुपी हलवावी तसा पराग बाहेर उडतो. वांग्याच्या शेताकडेला सकाळी घटकाभर उभे राहिल्यास तो बदललेला सूर कोणासही ऐकता येईल.

माश्यांचे हे घर शेताच्या किती जवळ असावे, याचा हिशेब कॅलिफोर्नियातील योलो परगण्यात कलिंगडावर केला गेला. क्लेअर क्रेमेन, नील विल्यम्स आणि रॉबिन थॉर्प यांचा तो निबंध २००२ सालचा. कलिंगडाचे मादीफूल एकच दिवस उमलते, आणि विकण्याजोगे फळ धरण्यास त्यावर ५०० ते १,००० परागकण पडावे लागतात. कोणत्याही माशीने न शिवलेले फूल काठीच्या टोकास लावून माशीपुढे धरावयाचे, आणि तिच्या एका भेटीत किती कण पडले ते सूक्ष्मदर्शकाखाली मोजावयाचे, असा तो चिकाटीचा उद्योग होता. रानालगतच्या, रसायने न वापरणाऱ्या शेतांत रानमाश्यांनीच फळ धरण्याइतका पराग पोहोचविला. रानापासून दूर, रसायनांवर चालणाऱ्या शेतांत त्या इतक्या विरळ होत्या की पेट्यांवाचून गत्यंतर नव्हते.

या निबंधातील शेवटच्या नावाविषयी मला विशेष आदर आहे. थॉर्प १९९४ साली प्राध्यापकपदावरून निवृत्त झाले आणि त्यानंतर दक्षिण ऑरेगॉन व त्यालगतच्या उत्तर कॅलिफोर्नियातील अत्यंत लहान टापूत राहणाऱ्या फ्रँकलिनच्या भुंगमाशीचा (बंबलबीच्या एका जातीचा) शोध घेत वर्षानुवर्षे डोंगर हिंडले. २००६ साली माउंट अ‍ॅशलंडवर त्यांना एक कामकरी माशी दिसली. त्यानंतर ती जात कोणाच्याही दृष्टीस पडल्याची नोंद नाही. व्यापारासाठी वाढविलेल्या भुंगमाश्यांतून रानातील माश्यांना रोग लागला असावा, असे थॉर्प यांचे अनुमान होते. ते अनुमानच राहिले, तरी बाहेरून वसाहती आणणाऱ्याने त्याची आठवण ठेवावी. २०१९ साली थॉर्प वारले. दोन वर्षांनी अमेरिकी सरकारने त्या माशीला संकटग्रस्त जातींच्या यादीत घातले.

मधमाशी संपली की चार वर्षांत मनुष्य संपेल, हे आइन्स्टाइनच्या नावावर खपविले जाणारे वाक्य त्यांचे असल्याचा पुरावा नाही, आणि गहू, भात व ज्वारी यांना माशीची गरजही नाही. पण उळे, कारली, भोपळे, कलिंगडे यांना आहे. लहान रानमाशी घरापासून काही शे मीटरच उडू शकते. बांध कोरून दोन तासे वाढविली, उरलेल्या पट्ट्यावर तणनाशक मारले, आणि फुलोऱ्यात सकाळीच फवारणी केली, की तिला त्या शिवारात ना घर उरते ना भाकरी.

पत्रलेखकांनी पेट्या अवश्य आणाव्यात. मात्र त्याबरोबरच आपला पोटखराबा निदान तीन वर्षे नांगराविना, तणनाशकाविना राहू द्यावा, बांधावरचे गवत पेटवू नये, आणि शेजारच्या भाऊबंदांनाही तेवढी विनंती करावी.