आधी भरवसा, मग वेग

बाहेरून जोडायची हार्ड डिस्क घेताना आपण खोक्यावर दोन गोष्टी पाहतो: जागा किती आणि यूएसबी कुठली. संगणकाच्या आज्ञा वायरमधून डिस्कपर्यंत कशा जातात आणि उत्तर कसं परत येतं, हे खोक्यावर लिहिलेलं नसतं. डिस्कचा वेग बराचसा त्यावर ठरतो, आणि तिच्यावर ठेवलेलं सुखरूप राहील का, हेही. या देवघेवीचे नियम म्हणजे प्रोटोकॉल. ते संगणकाच्या बाजूने पाळणारा ड्रायव्हर कर्नेलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, बसलेला असतो. तिथे चूक झाली तर फक्त एखादी खिडकी बंद पडत नाही. अख्खं यंत्र गोठतं, कधी फाइलीही बिघडतात.

लिनक्सच्या कर्नेलमध्ये यूएसबी डिस्कसाठी नवा प्रोटोकॉल कसा रुजला, त्याची ही हकीकत. त्याचं नाव यूएसबी अटॅच्ड स्कझी, थोडक्यात यूएएस.

एका वेळी एकच आज्ञा

त्याआधीचा प्रोटोकॉल १९९९ सालचा, बल्क-ओन्ली ट्रान्सपोर्ट. त्याची रीत अगदी सरळ आहे. संगणक ३१ बाइटांचं पाकीट पाठवतो; त्यात ‘अमुक ठिकाणाहून इतकं वाच’ अशी एक आज्ञा असते, स्कझी या डिस्कांच्या जुन्या आज्ञाभाषेत. मग डेटाची ने-आण होते. शेवटी डिस्क १३ बाइटांत कळवते, काम झालं की फसलं. हे उत्तर हाती येईपर्यंत दुसरी आज्ञा पाठवायची नाही. रेशनच्या दुकानात एकच खिडकी असावी आणि पहिल्याची पिशवी भरून पावती फाटेपर्यंत दुसऱ्याने कार्डसुद्धा पुढे करू नये, तसा हा कारभार.

पेनड्राइव्हला एवढं पुष्कळ होतं. पण फिरत्या हार्ड डिस्कला दहा आज्ञा एकदम दिल्या तर ती आपल्या सोयीने क्रम लावते आणि डोक्याची धावपळ वाचवते. एसएसडी तर एकाच वेळी अनेक चिपांवर काम करू शकते. जुन्या प्रोटोकॉलमध्ये या दोघींचं कसब वाया जात होतं. नोव्हेंबर २००८ मध्ये यूएसबी ३.० आलं, वायर रुंदावली, आणि ही अडचण डोळ्यांत भरू लागली.

यूएएसने एका रस्त्याचे चार केले: आज्ञांचा, उत्तरांचा, येणाऱ्या डेटाचा आणि जाणाऱ्या डेटाचा. प्रत्येक आज्ञेला क्रमांक दिला, त्यामुळे अनेक आज्ञा एकदम पाठवता येतात आणि उत्तरं कुठल्याही क्रमाने आली तरी घोटाळा होत नाही. यूएसबी ३ मध्ये यासाठी ‘स्ट्रीम’ ही सोय आहे. कोणता डेटा कोणत्या आज्ञेचा, हे त्यावरून कळतं. आतल्या आज्ञा मात्र स्कझीच्याच राहिल्या. त्यामुळे कर्नेलमधली स्कझीची जुनी यंत्रणा तशीच वापरता आली. तिच्या आणि यूएसबीच्या मध्ये बसणारा नवा ड्रायव्हर तेवढा लिहायचा होता.

पुढे, मागे, पुन्हा पुढे

मॅथ्यू विलकॉक्स यांनी तो लिहिला आणि जानेवारी २०११ मध्ये आलेल्या २.६.३७ आवृत्तीत तो दाखल झाला. आज्ञा स्वीकारणं, क्रमांक देणं, उत्तर आल्यावर हिशेब मिटवणं, हा सुरळीत चाललेल्या कामाचा भाग होता. पण लोकांच्या हातात उपकरणं येत गेली तशा तक्रारी येऊ लागल्या. मग २०१३ मध्ये या ड्रायव्हरवर कर्नेलच्या आतच ‘ब्रोकन’ असा शिक्का मारण्यात आला, म्हणजे सर्वसाधारण वापरासाठी तो बंदच केला. मला या साऱ्या हकीकतीतला हा सर्वांत मोलाचा निर्णय वाटतो. वेग हातचा गेला, पण कोणाच्या फाइली पणाला लागल्या नाहीत.

पुढे हान्स डी गूडे यांनी यूएएस आणि त्याला लागणाऱ्या स्ट्रीमचा आधार, दोन्हींची कसून दुरुस्ती केली. जून २०१४ च्या ३.१५ आवृत्तीत शिक्का निघाला. तरी काम संपलं नव्हतं. एखादी आज्ञा अडकली तर तेवढीच रद्द करावी, अशी तरतूद प्रोटोकॉलमध्ये आहे. पण ही वाट क्वचितच वापरात येते, त्यामुळे तपासायला कठीण, आणि गोठण्याच्या तक्रारी नेमक्या तिथेच बोट दाखवत होत्या. शेवटी ड्रायव्हरमधून ते नाजूक कलम काढून टाकलं. आज्ञा अडकली तर सरळ उपकरणच रिसेट करायचं, हा जुन्या ड्रायव्हरचा आडदांड पण खात्रीचा मार्ग स्वीकारला.

अपवादांची वही

डिस्क आणि यूएसबी यांच्यामध्ये, एन्क्लोजरच्या, म्हणजे डिस्क ज्यात बसवतात त्या डबीच्या आत, एक छोटी ब्रिज चिप असते. खरी परीक्षा तिथे होते. काही चिपा यूएएस येतं म्हणून सांगतात आणि भार पडला की गप्प होतात. काहींना ‘तुला कोणत्या आज्ञा येतात?’ एवढा प्रश्नही सोसत नाही. काही एका वेळी २४० सेक्टरांपेक्षा, म्हणजे १२० किलोबाइटांपेक्षा जास्त मागितलं की अडखळतात. काही चिपा डिस्कची तब्येत विचारणाऱ्या आज्ञांवर बिथरतात.

यासाठी कर्नेलमध्ये एक वेगळी फाइल आहे. तिच्यात उत्पादकाचा क्रमांक, उपकरणाचा क्रमांक आणि काय टाळायचं याची खूण, अशा नोंदी क्रमवार लावलेल्या असतात. यूएएस येणारं उपकरण सहसा जुना प्रोटोकॉलही जाणतं. त्यामुळे नोंद पाहून नव्या ड्रायव्हरने माघार घेतली, तर जुना ड्रायव्हर तेच उपकरण हाती घेतो. वेग थोडा कमी, पण काम अडत नाही. प्रत्येक नोंदीमागे कोणाची तरी डिस्क अडकलेली असते, आणि ती शोधून, तपासून, लिहून पाठवण्याचे कष्ट कोणीतरी घेतलेले असतात. अशी वही प्रोटोकॉलच्या कोणत्याही अधिकृत दस्तऐवजात सापडणार नाही. ती वापरातूनच लिहिली जाते.

म्हणून नवा प्रोटोकॉल जोडणं म्हणजे केवळ नियम वाचून कोड लिहिणं नव्हे. सगळं नीट चाललं असताना काय करायचं, ते नियमात असतं. बिघडल्यावर सावरायचं कसं आणि माघार कुठे घ्यायची, हे ड्रायव्हर लिहिणाऱ्याला ठरवावं लागतं, आणि लोकांच्या फाइली त्यावर अवलंबून असतात.

तुमच्या लिनक्स संगणकावर किंवा रास्पबेरी पायवर यूएसबी एसएसडी मध्येच गोठत असेल, तर डिस्क खराब ठरवण्याआधी तेवढ्या उपकरणापुरतं यूएएस बंद करून पाहा. कर्नेल सुरू होताना उपकरणाचे दोन क्रमांक आणि एक खूण दिली की ते होतं. त्याने फरक पडला, तर ते क्रमांक आणि कर्नेलच्या लॉगमधल्या ओळी विकासकांना कळवा. तीच चिप असलेलं एन्क्लोजर उद्या दुसरा कोणी जोडेल, तेव्हा त्याला काहीच करावं लागणार नाही.