मुलगी धावायला का कचरते?

"आई, आज शाळेत धावायची चाचणी आहे. माझं पोट दुखतंय," असं तुमची आठवी-नववीतली लेक म्हणाली, तर लगेच तिला कामचुकार म्हणू नका. विहिरीवरून भरली घागर आणणारी पोर ६०० मीटरच्या अंतराला भीत नाही. भिते ती बघणाऱ्यांच्या नजरेला.

खेलो इंडिया उपक्रमातून २०१९ साली शाळकरी मुलांसाठी शारीरिक क्षमतेची चाचणी आली. चौथीपासून पुढच्यांची उंची आणि वजन घेतात. शिवाय ५० मीटर धाव, ६०० मीटर धावणे किंवा चालणे, बसून पुढे वाकणे, पोटाचा व्यायाम आणि जोर असतात. मुलींनी जोर गुडघे टेकून काढायचे.

चाचणी चांगलीच आहे. पण साऱ्या वर्गापुढे वजन मोठ्याने वाचलं, ओढणी सावरत धावावं लागलं, मागे पडली म्हणून पोरं हसली, की वयात येणारी मुलगी मैदानच नको म्हणते. तेव्हा पालक सभेत गुरुजींना सांगा : वजन आडोशाला घ्या, आकडा तिचा तिलाच सांगा, पाळीत त्रास होत असेल तर दुसरा दिवस द्या. घरून तिला पायात बूट आणि अंगभर सैल कपडे द्या.

दुसरी गोष्ट रक्ताची. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या दर शंभर मुलींत ५९ जणींना रक्तक्षय आढळला. अशा मुलीला धाप लागते, डोळ्यांपुढे अंधारी येते. तो आळस नव्हे. आरोग्य केंद्रात रक्त तपासून घ्या. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी ती जेवणानंतर घेते ना, ते विचारा. ताटात पालेभाजी, उसळ आणि लिंबाची फोड असू द्या. जेवणावर लगेच चहा नको.

धावण्याचा उपयोग काय, असं म्हणू नका. महाराष्ट्राच्या पोलीस भरतीत मुलींना ८०० मीटर धावावं लागतं. माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर २०१६ साली रिओ ऑलिंपिकच्या अंतिम शर्यतीत धावली. तेही दुष्काळी मुलूखच.

चाचणीच्या दिवशी लेक घरी आली, की "कितवा नंबर आला?" असं विचारू नका. "मागच्या खेपेपेक्षा किती सुधारलीस, बाळ?" एवढंच विचारा.