पाल्याचे पाणी : आराम किती, औषध किती?

रविवारी वंदना संपली की विहारात चटईवर बसल्या बसल्या तब्येतीच्या गोष्टी निघतात. हल्ली त्यात एक प्रश्न हमखास येतो. “ह्यांचे काम मशीन शॉपला आहे. कूलंटने हाताला खाज सुटते, रात्र रात्र झोप नाही. कडुलिंबाच्या पाण्याने आंघोळ केली तर जाईल का?” पिंपरीच्या मिलिंदनगरपासून चाकणजवळच्या खराबवाडी-नाणेकरवाडीपर्यंत हा प्रश्न घरोघरचा आहे. आमचे उत्तर सरळ आहे. आराम पडेल, पण आजार जाईलच असे नाही. हा फरक ओळखता आला पाहिजे.

पाल्याची आंघोळ आपल्याला नवी नाही. बाळंतिणीला निर्गुडीच्या पाण्याने शेकताना आजीला आपण पाहिले आहे. त्याहून जुना दाखला विनयपिटकात आहे. महावग्गात औषधांचे स्वतंत्र प्रकरण आहे. भन्ते आनंदांचे उपाध्याय बेलट्ठसीस यांना मोठी खरूज झाली आणि चीवर अंगाला चिकटू लागले, तेव्हा भगवंतांनी खाजेसाठी औषधी चूर्ण वापरण्यास अनुमती दिली. पिलिंदवच्छांचे अंग वाताने धरले, तेव्हा पाल्याच्या वाफेने शेकण्यास अनुमती दिली. ज्याला जो त्रास, त्याला तसा उपाय. आपणही तेच करायचे.

एका बादलीची कृती

पिंपरी-चिंचवडमध्ये 2019 च्या नोव्हेंबरपासून पाणी एक दिवसाआड येऊ लागले. टब भरून त्यात बसण्याची चैन आपल्या मोरीत शक्य नाही, आणि तिची गरजही नाही.

कडुलिंबाचा दोन मुठी पाला स्वच्छ धुवा. दोन लिटर पाण्यात टाकून पाच मिनिटे उकळा, गॅस बंद करा आणि पंधरा मिनिटे झाकून ठेवा. गॅसही वाचतो. मग स्वच्छ फडक्याने गाळून घ्या. बादलीत आधी गार पाणी घ्या, नंतर हे गरम पाणी ओता. एका खोलीच्या घरात उकळते पातेले जमिनीवर राहिले की रांगते मूल भाजते, म्हणून ते ओट्यावरच ठेवा. पाणी कोमट असावे. कढत पाण्याने त्या क्षणी बरे वाटते, पण कातडी कोरडी पडून खाज वाढते. साबण कमीत कमी लावा. अंग पंचाने घासू नका, टिपून घ्या आणि ओलसर असतानाच खोबरेल तेल लावा. खरा आराम निम्मा या तेलाचा असतो.

कातडी फार कोरडी असेल तर पाल्याऐवजी ओट्स वापरा. तीन-चार चमचे ओट्स मिक्सरमधून बारीक करून जुन्या सुती कापडात पुरचुंडी बांधा. कोमट पाण्यात ती पिळली की दुधासारखे पाणी निघते, त्याने खाज शमते.

बारा तास उभे राहून पाय भरून आले असतील तर निर्गुडीच्या पाण्यात मूठभर मीठ टाकून पंधरा मिनिटे पाय बुडवून बसा. मधुमेह असलेल्यांच्या पायांना चटका कळत नाही. त्यांनी पाय बुडवूच नयेत.

पाला कुठला आणायचा?

नाल्याकाठचा किंवा कंपनीच्या सांडपाण्याजवळचा पाला तोडू नका. निर्गुडीला बहुधा एका देठावर बोटांसारखी पाच पाने आणि निळसर-जांभळी फुले असतात. ओळख पटली नाही तर आणूच नका. गाजरगवत पाल्यात येऊ देऊ नका. 1950 च्या दशकात आपल्या पुण्यातच त्याची नोंद झाली होती आणि त्याच्या स्पर्शाने कातडीला जबर त्रास होतो. पहिल्यांदा पाणी वापरताना ते मनगटाच्या आतल्या बाजूला लावून दुसऱ्या दिवसापर्यंत वाट पाहा. जखम, भाजलेली जागा, डोळे आणि तान्हे बाळ यांना हे पाणी नको. पाजायचे तर मुळीच नाही. बाळंतिणीच्या शेकासाठी दार-खिडकी लावून कोळशाची शेगडी पेटवू नका. त्या धुरातला विषारी वायू दिसत नाही, पण जीव घेतो.

पाला कुठे थांबतो?

पहिली खूण : खाज रात्री वाढते, बोटांच्या बेचक्यात, मनगटावर आणि कमरेला पुरळ आहे, आणि घरात एकाहून जास्त जणांना आहे. ही बहुधा खरूज. ती बारीक किड्याने होते आणि कडुलिंबाच्या पाण्याने जात नाही. डॉक्टर परमेथ्रिनचे मलम देतात. खाज नसली तरी घरातल्या सर्वांनी सांगितल्याप्रमाणे ते एकाच दिवशी लावायचे आणि त्याच दिवशी कपडे-अंथरुणे गरम पाण्यात धुऊन उन्हात वाळवायची. एकट्यानेच लावले तर खरूज घरात फिरत राहते.

दुसरी खूण : सुट्टीत हात बरे होतात, कामावर गेले की पुन्हा फुटतात. हे कूलंटचे किंवा ऑईलचे काम. थिनर, पेट्रोल किंवा कपड्याच्या पावडरीने हात धुऊ नका. भिजलेले कपडे कंपनीतच बदला आणि घरी वेगळे धुवा. मग ईएसआयच्या दवाखान्यात जाऊन “माझे काम असे आहे” हे डॉक्टरांना स्वतःहून सांगा आणि केसपेपरवर लिहून घ्या. कामामुळे होणारे त्वचारोग 1948 च्या ईएसआय कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत होते. पगार मर्यादेत असेल तर कंत्राटी कामगारालाही ईएसआय लागू होते. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते सांभाळत असताना 1943 मध्ये प्रा. अदारकरांकडे कामगारांच्या आरोग्यविम्याची योजना आखण्याचे काम दिले गेले. 1944 मध्ये त्यांचा अहवाल आला आणि पुढे हा कायदा झाला. ते कार्ड खिशात ठेवून केवळ पाला उकळत बसणे म्हणजे मिळालेला हक्क सोडून देणे.

तिसरी खूण : मुलाला ताप आणि अंगावर पुरळ. “आई आली” म्हणून घरात बसवू नका. गोवर-कांजिण्या विषाणूने होतात. त्याच दिवशी वायसीएम रुग्णालय, चाकणचे ग्रामीण रुग्णालय किंवा जवळचा दवाखाना गाठा.

बाकी दिवसभर राबून आलेल्या माणसाला पाल्याचे कोमट पाणी काढून द्या. तीही शुश्रूषाच आहे. फक्त आठवडाभरात खाज हटली नाही, तर पुढची बादली भरण्याआधी केसपेपर काढा.