लकव्याचा हात आणि घरचा यंत्रमानव

यंत्रमानव म्हटले की माणसांच्या पोटावर पाय आणणारा लोखंडी गडीच आम्हा कामगार चळवळीतल्या लोकांना दिसतो. आज मात्र मी त्याच्या एका भावंडाची वकिली करणार आहे, काही अटींवर.

लकव्यात मेंदूचा एक भाग मरतो. तो पुन्हा जिवंत होत नाही, परंतु शाबूत भाग त्याचे काम थोडेफार शिकू शकतात. त्यासाठी तीच हालचाल शेकडो वेळा, आणि रोग्याने स्वतः जोर लावून करावी लागते. दवाखान्यातून घरी आल्यावर रोज हात धरून बसणार कोण? घरची बाई मजुरीला गेली नाही तर चूल पेटत नाही.

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रविद्यापीठात १९९१ च्या सुमारास असे यंत्र तयार झाले. रोग्याचा जोर किती हे ते ओळखते आणि कमी पडेल तेवढाच आपला घालते. सगळेच काम यंत्राने केले, तर मेंदू शिकणार काय? वेल्लोरचे ख्रिश्चन मेडिकल कॉलेज आणि मद्रासची आय.आय.टी. यांनी मनगटाबोटांसाठी मेजावर मावणारे, एका मोटरीचे 'प्लुटो' बनविले आहे. तरी भाबडेपणा नको. ब्रिटनमध्ये ७७० रोग्यांवर घेतलेल्या चाचणीत (२०१९) नेहमीच्या उपचारापेक्षा यंत्राने हात अधिक सुधारल्याचे दिसले नाही. व्यायाम शिकविणाऱ्या माणसाला काढून यंत्र बसवा, असे कोणी म्हणेल तर आमचा विरोधच राहील.

घरगुती यंत्र कसे असावे? १९२९ साली चरखा संघाने सुधारलेल्या चरख्यासाठी एक लाखाचे बक्षीस लावले होते. अटी अशा: हलका असावा, झोपडीत चालावा, बाईला आठ तास चालवून फार थकवा येऊ नये, किंमत दीडशेच्या आत, वीस वर्षे टिकावा. बक्षीस कोणालाच मिळाले नाही! वर्ध्याच्या मगन संग्रहालयातले चरखे पाहताना त्या अटी आठवाव्यात.

लकव्याच्या यंत्रालाही तशाच अटी हव्यात. पट्टा एका हाताने बांधता यावा. कित्येकांची वाचा व वाचन जाते, म्हणून पडद्यावर अक्षरांऐवजी चित्रे हवीत. काहींना डावीकडचे जग जाणवतच नाही. त्यांच्यासाठी खुणा उजवीकडे हव्यात. थांबविण्याचे बटण चांगल्या हाताशी असावे. वीज गेली तर हात अडकून राहू नये.

किंमत दीडशेत बसणार नाही, हे उघड आहे. पण यंत्र विकत कशाला हवे? सुरुवातीच्या महिन्यांत सुधारणा सर्वांत वेगाने होते. तेवढ्यापुरते दवाखान्याने ते घरी द्यावे आणि मग पुढच्या घरी पाठवावे.