सातबाऱ्यावर नाव लागलं, पगाराचं काय?

श्रीवर्धन तालुक्यातल्या एका गावी सुपारीच्या बागेची पाहणी आटोपून बागायतदाराच्या ओटीवर चहा घेत होतो. शेजारच्या एक वहिनी हातात प्लास्टिकची पिशवी घेऊन आल्या. त्यांचे यजमान सरकारी नोकरीत होते. महिन्याच्या १९ तारखेला अचानक गेले. त्याला दीड वर्ष झालं.

“भाऊ, सातबाऱ्यावर आमची नावं लागली. पण ह्यांचा शेवटचा पगार नि फरक अजून मिळाला नाही. हापिसात गेलं की सांगतात, साहेब अलिबागला मिटिंगला गेलेत, पुढच्या सोमवारी या.”

पिशवीत मृत्यूचा दाखला होता, पासबुक होतं, सातबारा होता. नव्हती ती अर्जाची पोच. कारण अर्ज दिलाच नव्हता. दीड वर्षाचे सगळे हेलपाटे तोंडी!

माझं काम खतं-बियाण्यांचं. पण आपल्या किनारपट्टीवर घरटी कुणीतरी शाळेत, पंचायतीत, महसुलात नाहीतर पोलिसात नोकरीला असतंच. कर्ता माणूस गेला की घरातली बाई आणि पोरं या कागदांच्या जंजाळात अडकतात. म्हणून ही माहिती एकत्र देत आहे.

येणं काय काय असतं?

पहिलं म्हणजे शेवटच्या महिन्याचा पगार. मृत्यू ज्या दिवशी झाला त्या दिवसाचाही पगार मिळतो. सकाळी झाला की रात्री, याने फरक पडत नाही. म्हणजे या वहिनींना १९ दिवसांचा पगार यायला हवा. त्याशिवाय राहिलेली प्रवास भत्त्याची बिलं, महागाई भत्त्याचा फरक आणि थकलेली वेतनवाढ.

वेतन आयोगाचा फरक बऱ्याच जणांच्या लक्षातच येत नाही. सातवा वेतन आयोग राज्यात १ जानेवारी २०१६ पासून लागू धरला गेला आणि त्याची थकबाकी २०१९ पासून पाच हप्त्यांत देण्याचं ठरलं. मधे कोरोनामुळे हप्ता लांबला. या काळात जे कर्मचारी वारले, त्यांच्या वारसांनी सगळे हप्ते जमा झाले का, हे कार्यालयात तपासून घ्यावं.

शिल्लक अर्जित रजेचे पैसेही कुटुंबाला मिळतात, कमाल ३०० दिवसांपर्यंत. भविष्य निर्वाह निधी, गट विमा, मृत्यू उपदान आणि कुटुंब निवृत्तिवेतन ही प्रकरणं वेगळी. प्रत्येकाचे फॉर्म निराळे. १ नोव्हेंबर २००५ नंतर नोकरीला लागलेल्यांनाही, सेवेत असताना मृत्यू झाल्यास, कुटुंब निवृत्तिवेतन व मृत्यू उपदान लागू करण्याचा निर्णय शासनाने ३१ मार्च २०२३ रोजी घेतला आहे. “एनपीएसवाल्यांना काही नाही” असं कुणी सांगितलं तर ऐकून परत येऊ नका.

सातबारा वेगळा, वारस दाखला वेगळा

सगळ्यात मोठा घोटाळा इथे होतो. तलाठ्यांकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्यांकडे झालेली वारस नोंद ही जमिनीपुरती. पगाराच्या पैशाला ती चालत नाही. सरपंचांचा दाखला पुरावा म्हणून जोडावा, पण तो कोर्टाच्या दाखल्याची जागा घेत नाही.

नोकरीत असताना केलेलं नामनिर्देशन, म्हणजे नॉमिनेशन, सेवापुस्तकात असेल तर काम बरंच सोपं होतं. ते नसेल पण वारसांत वादही नसेल, तर कार्यालय प्रमुखाने खात्री करून हमीपत्र व जामीनदार घेऊन पगाराची थकबाकी देण्याची वाट कोषागाराच्या नियमांत आहे. ती किती रकमेपर्यंत चालेल, हे कार्यालयाला लेखी विचारावं. भाऊबंदांत वाद असेल किंवा कार्यालयाचं समाधान होत नसेल, तर दिवाणी न्यायालयात जावं लागतं. तिथे १८२७ च्या मुंबई रेग्युलेशनखाली वारस दाखला किंवा १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याखाली उत्तराधिकार प्रमाणपत्र मिळतं. जाहीर नोटीस निघते, हरकती मागवतात. यात काही महिने जातात, हे धरून चालावं.

आणखी एक. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. तो पैसे स्वीकारणारा, वाटणी वारसाहक्काने होते. विम्याबाबत सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्येच हे सांगितलं. ज्यांचं ‘कालनिर्णय’ आपल्या भिंतीवर असतं, त्या जयंतराव साळगावकरांच्या वारसांच्या खटल्यात शेअर्सबाबतही डिसेंबर २०२३ मध्ये हाच निकाल लागला. तेव्हा दिराने किंवा सासूने “नाव माझं आहे” म्हटलं तरी विधवेचा आणि मुलांचा हक्क बुडत नाही.

अर्ज असा करावा

कर्मचारी जिथे शेवटी कामाला होता, त्या कार्यालयाच्या प्रमुखांच्या नावे एक साधा अर्ज लिहावा. त्यात नाव, पद, मृत्यूची तारीख आणि येणं असलेल्या एकेका रकमेचा वेगळा उल्लेख करावा. सोबत मृत्यूचा दाखला, सर्व वारसांची नावं व ओळखपत्रं, इतर वारसांचं संमतीपत्र आणि पासबुकाची झेरॉक्स जोडावी. अर्ज आवक-जावकला देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्यावा. या एका शिक्क्याने अर्धं काम होतं.

बिल कार्यालय तयार करतं आणि ते कोषागारात मंजूर होतं. जिल्हा परिषदेच्या कर्मचाऱ्यांची बिलं आणि भविष्य निर्वाह निधी जिल्हा परिषदेच्या अर्थ विभागाकडे असतो. राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांचा निधी आपल्या कोकणासाठी मुंबईच्या महालेखापालांकडे. हे न कळल्याने माणसं चुकीच्या दारात बसून राहतात.

उशीर मात्र करू नये. वर्ष उलटलेल्या मागणीला जादा तपासणी आणि वरिष्ठांची मंजुरी लागते.

३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात किनाऱ्यावरच्या कित्येक घरांचे पत्रे उडाले, कपाटातले कागद भिजले. अशांनी धीर सोडू नये. मूळ सेवापुस्तक कार्यालयात असतं, त्याची प्रत मागता येते.

अडलं तर?

महिनाभरात हालचाल नसेल तर स्मरणपत्र द्यावं. मग माहिती अधिकारात १० रुपयांचा अर्ज करून विचारावं: माझ्या अर्जावर कोणत्या तारखेला काय कार्यवाही झाली, बिल कोषागारात कधी पाठवलं? ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. लोकशाही दिनात सेवाविषयक तक्रारी घेत नाहीत, तेव्हा तिथे गाडीभाडं घालवू नये. पेन्शन अदालत भरते तिथे पेन्शनचं प्रकरण मांडावं.

गावकारभाऱ्यांना विनंती

मृत्यूची नोंद २१ दिवसांत होईल, हे ग्रामपंचायत अधिकारी आणि पोलीस पाटील यांनी पाहावं. दाखल्यावरचं नाव सेवापुस्तकातल्या नावाशी जुळतं का, तेही तेव्हाच तपासावं. दाखल्यात ‘पांडुरंग’चा ‘पांडू’ झाला तर पुढे सहा महिने दुरुस्तीत जातात. आणि कार्यालयातल्या मंडळींना आठवण: कर्मचारी वारल्याचं कळताच कोणते फॉर्म भरायचे, हे कुटुंबाला आपण होऊन कळवायचं असतं.

त्या दिवशी ओटीवरच वहिनींचा अर्ज लिहिला. मुलाने दुसऱ्या दिवशी तो देऊन पोच आणली. पैसे अजून हातात यायचे आहेत, पण कार्यालयातून वारसांच्या संमतीपत्राबद्दल लेखी पत्र आलं. दीड वर्षातला पहिला कागद!

घरी परतल्यावर मी माझं स्वतःचं सेवापुस्तक पाहिलं. लग्नाला सात वर्षं झाली, तरी सगळ्या नॉमिनेशनवर नोकरीला लागतानाचं आईचंच नाव. या आठवड्यात नवे फॉर्म भरले. आपल्या घरात नोकरीवाला माणूस असेल, तर आज जेवताना त्याला एवढं विचाराच: तुझ्या सेवापुस्तकात नाव कुणाचं आहे?