दप्तरातला कॅमेरा

आमच्या कोडोलीत मला गणिताचा शिक्षक म्हणून ओळखणारे थोडे. ‘फोटोवाले गुरुजी’ म्हणून ओळखणारे फार. हा लौकिक मी मिळवला तो एका लहानशा कॅमेऱ्याच्या जोरावर. तो माझ्या शाळेच्या पिशवीत भाकरीच्या डब्याशेजारी असतो. आमच्या सौभाग्यवतींचे म्हणणे असे, की डबा घरी विसरतो, कॅमेरा कधी नाही. आरोप खरा आहे.

तसे पाहिले तर कोल्हापूरकरांना कॅमेऱ्याचे वेड नवे नव्हे. बाबूराव पेंटरांनी चित्रपटाचा कॅमेरा कोल्हापुरात स्वतः तयार केला आणि १९२० साली त्यांचा ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला. आमच्यासारख्यांचे वेड मात्र तयार माल विकत घेण्यापुरते!

पूर्वी माझ्याकडे मोठा, आरसेवाला कॅमेरा होता. त्याच्या पोटात एक तिरपा आरसा असे. भिंगातून आलेला प्रकाश तो वर, डोळ्याकडे पाठवी. बटण दाबले, की आरसा खाडकन उचलला जाई आणि मग चित्र टिपले जाई. आरशाला हलायला जागा हवी, म्हणून कॅमेऱ्याचे अंग जाड. निकॉनच्या अशा कॅमेऱ्यांत भिंगाच्या बैठकीपासून चित्र उमटते त्या पट्टीपर्यंत ४६.५ मिलिमीटर अंतर असते. २००८ साली पॅनासॉनिकने ‘जी-१’ काढला आणि आरशाला रजा दिली. पट्टीवर जे पडेल तेच छोट्या पडद्यावर दाखवायचे, अशी ती युक्ती. अंतर वीस मिलिमीटरच्या आत आले. माझा कॅमेरा त्याच जातीचा. त्यावर इंचभर जाडीचे वीस मिलिमीटरचे भिंग.

दोषही सांगितले पाहिजेत. पडदा सतत जळत असल्याने बॅटरी तीनएकशे फोटोंत मान टाकते. दुसरी खिशात लागतेच. आरसा नसल्याने भिंग काढले की आतली पट्टी उघडी पडते. जोतिबाच्या चैत्र यात्रेत गुलाल उधळत असताना मी एकदा भिंग बदलण्याचे शहाणपण केले. पुढे महिनाभर माझ्या प्रत्येक आभाळात ठिपके होते. थंडीच्या पहाटे गुऱ्हाळात शिरावे, तर वाफेने भिंग आंधळे होते. म्हणून मी कॅमेरा प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून नेतो आणि तिथल्या उबेला थोडा बसू देतो.

गुऱ्हाळाचा विषय निघाला, तर आबांचे सांगितलेच पाहिजे. आबा आमच्या भागातले जुने गुळव्या. रस किती आटला हे ते बुडबुड्यांवरून सांगत. पहिल्यांदा मी मोठा कॅमेरा घेऊन गेलो, तेव्हा त्यांनी मला थांबवले.

“वाईच थांबा गुरुजी, फेटा बांधतो.”

त्यांनी फेटा बांधला, गळ्यापर्यंत गुंड्या लावल्या आणि चुलवाणाकडे पाठ करून ते ताठ उभे राहिले. मागे काहिलीवरचा माणूस ओरडत होता, “आबा, आधण करपंल!” मला हवा होता काम करणारा गुळव्या, मिळाला तो शाळेतल्या मुलासारखा सावधान उभा असलेला म्हातारा. फोटो फसला असे म्हणून मी तो बाजूला टाकला.

पुढे लहान कॅमेरा आला आणि सारेच बदलले. त्याचा आवाजसुद्धा बंद करता येतो. चार दिवसांत गुऱ्हाळातली माणसे मला विसरली. त्यांचे काम चाललेले असे आणि माझेही. चार हंगाम मी आबांचे फोटो काढले: काहिलीत फिरणारा त्यांचा हात, वाफेतली आकृती, जाळाच्या उजेडातली पाठ. काय झकास फोटो होते ते! पाहुण्यांना मी हौसेने दाखवीत असे.

एकदा आबांनाही कॅमेऱ्याच्या पाठीवर दाखवले. त्यांनी डोळे बारीक केले.

“ह्यात मी कुटं हाय?”

“हे काय आबा, तुमचे हात.”

“हात न्हवं ओ. मी कुटं हाय?”

मी हसलो. म्हाताऱ्याला फोटोतले काय कळते, असे मला वाटले.

तीन वर्षांपूर्वी श्रावणात आबा गेले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांचा मुलगा दारात उभा राहिला. “गुरुजी, आबांचा एक फोटू द्या की. हार घालायला.”

मी मोठ्या विश्वासाने संगणक उघडला. आबांचे तीनशेहून अधिक फोटो निघाले. हात निघाले, पाठ निघाली, वाफ तर किती निघाली! हार घालावा असा चेहरा एकाही फोटोत नव्हता. मुलगा शेजारी बसून मुकाट्याने पाहत होता. मला कुठे तोंड लपवावे असे झाले.

शेवटी जुन्या डब्यातल्या चकतीवर तो फसलेला फोटो सापडला. फेटा, गुंड्या, समोर रोखलेली नजर.

“हेच आमचं आबा,” मुलगा म्हणाला.

तो फोटो आज त्यांच्या माजघरात आहे. लहान कॅमेऱ्यापुढे माणूस सावध होत नाही, याचे मी चार वर्षे कौतुक केले. पण आपण कसे दिसावे हे ठरवण्याचा त्याचाही काही हक्क असतो, हे माझ्या ध्यानात आले नव्हते.

तेव्हापासून मी दोन फोटो काढतो. एक मला हवा तसा, त्यांच्या नकळत. दुसरा त्यांना हवा तसा, त्यांना सांगून. दुसरा पोस्टकार्डाएवढा छापून आठ दिवसांत पोचवतो. कॅमेरा रोज पिशवीत असल्याने सबब सांगायला जागा उरत नाही.

गेल्या हंगामात त्याच गुऱ्हाळात गेलो. काहिलीवर आता आबांचा मुलगा असतो. मी कॅमेरा काढला, तसे त्याने हातातले काम दुसऱ्याकडे दिले.

“वाईच थांबा गुरुजी,” तो म्हणाला आणि खुंटीवरचा फेटा घ्यायला गेला.

मी थांबलो.