मालिकेत रक्त चमकते, प्रत्यक्षात काळे का दिसते?

छत्रपती संभाजीनगर : अंधारी खोली, हातात निळसर दिवा आणि फरशीवर चमकणारे रक्ताचे डाग... गुन्हेविषयक मालिकांतले हे दृश्य सर्वांच्या ओळखीचे. प्रत्यक्षात अतिनील म्हणजेच यूव्ही दिव्याखाली रक्ताचा डाग चमकत नाही, उलट काळपट दिसतो. तरीही रक्तातील प्रथिने अतिनील किरण पडल्यावर प्रकाश सोडतात, हे खरेच आहे. मग तो दिसत का नाही?

प्रकाश येतो कुठून?
प्रथिनांतील ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल २८० नॅनोमीटरच्या आसपासचे किरण शोषते आणि काही नॅनोसेकंदांत साधारण ३४० ते ३५० नॅनोमीटरचा प्रकाश सोडते. ही प्रतिदीप्ती.

डोळ्यांना का दिसत नाही?
आपल्याला साधारण ३८० नॅनोमीटरच्या पुढचाच प्रकाश दिसतो. त्यात रक्तातील हिमोग्लोबिन अतिनील आणि जांभळा प्रकाश गिळून टाकते. म्हणून डाग काळा.

मग मालिकेतली चमक?
ती बहुधा ल्युमिनॉलची नक्कल. हिमोग्लोबिनमधील लोहामुळे या रसायनाची अभिक्रिया वेगाने होऊन निळा प्रकाश पडतो. त्यासाठी यूव्ही दिवा लागत नाही. मात्र ब्लीच आणि तांब्यामुळेही ल्युमिनॉल चमकते.

प्रथिनांच्या प्रकाशाचा उपयोग काय?
औषधांच्या संशोधनात. मानवी अल्ब्युमिनमध्ये ट्रिप्टोफॅन एकच असते, २१४ व्या स्थानी. औषध त्याच्याजवळ चिकटले की प्रकाश बदलतो, अनेकदा मंदावतो. त्यावरून औषध किती घट्ट बांधले गेले, हे मोजता येते. रक्त पातळ ठेवणाऱ्या वॉर्फरिनचा सुमारे ९९ टक्के भाग रक्तात अल्ब्युमिनला चिकटलेला असतो. परिणाम होतो तो उरलेल्या मोकळ्या भागाचा. त्यामुळे हे मोजमाप महत्त्वाचे.

हे लक्षात ठेवा
- दिव्याखाली डाग चमकला नाही, म्हणजे तिथे रक्त नाही असे नव्हे.
- चमकला, म्हणजे रक्तच असेही नव्हे. वीर्य, लाळ आणि कपडे धुण्याच्या पावडरीतील रसायनेही चमकतात.
- कमी तरंगलांबीचे अतिनील किरण डोळ्यांना इजा करतात आणि डागातील डीएनएही खराब करू शकतात. घटनास्थळी स्वतः प्रयोग करू नका, डाग पुसू नका, पोलिसांना कळवा.

डाग रक्ताचाच का, माणसाचा का, हे प्रयोगशाळेतच ठरते. राज्याच्या न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा संचालनालयाची प्रादेशिक प्रयोगशाळा आपल्या शहरातही आहे.